खण नंबर एकशे सात

लायब्ररी इन्स्टॉल झाली. एका ओळीचं काम.
बोहरी आळीत, मुफद्दलशेठच्या गल्ल्यामागे
खिळ्यांच्या खोक्यावर लॅपटॉप ठेवून
पहिला क्लास लिहिला: वस्तू.
नाव, माप, खण, भाव.
रन केलं तर डेटाबेसमध्ये तक्ता आपोआप उभा,
एसक्यूएलचा एक शब्द मी न लिहिता.

शेठना दाखवलं. म्हणाले, यात नवीन काय?

खरंच की. समोर गिऱ्हाईक:
"ते हे द्या हो, नळाखाली असतं ते, गोल, मागं नेलेलं."
शेठ वर न बघता,
"हनमंत, एकशे सात. पाऊण इंची. दोन."
गिऱ्हाइकाला खणाचा नंबर ठाऊक नाही,
खणाला गिऱ्हाइकाची भाषा.
मधे चाळीस वर्षं हा माणूस बसून.

रिकामा खण आणि नसलेला खण,
यांतला फरक सांगायला
डॉक्युमेंटेशनला तीन पानं लागली.
शेठ म्हणतात, "संपलंय." किंवा, "ठेवत नाही."

दुपारी यादी मागितली,
प्रत्येक वस्तूसोबत तिचा पुरवठादार,
आणि स्क्रीन अडली.
लॉग उघडला: चारशे वस्तू, चारशे एक फेऱ्या.
नेमका तेव्हाच शिडीवरून हनमंत करवादला,
"एकेक स्क्रू काय सांगताय, समदं एकदम सांगा की ओ!"
त्याचंच म्हणणं कोडमध्ये घातलं:
जोडून आण.
एक फेरी.

संध्याकाळी उधारीची वही.
गिऱ्हाईक एका तक्त्यात, नोंदी दुसऱ्यात,
मधे किल्ली.
भागवत कुदळे, प्लंबर, कसबा पेठ.
येणे दोन हजार तीनशे चाळीस.
"गेला तो," शेठ म्हणाले, "दिवाळीच्या अलीकडे."

मी मॅन्युअल वाचून दाखवलं, जमेल तशा मराठीत:
नाव काढलं की नोंदीही जातील,
किंवा नोंदी राहतील, निनावी,
किंवा नोंदी आहेत तोवर
नाव काढूच द्यायचं नाही.

शेठनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला.
"तिसरं. येणं शून्य करा. नाव हलवू नका.
एकशे सातचा अख्खा खण त्यानेच लावून दिलाय."

हनमंत शटर अर्ध्यावर धरून उभा.
बाकी शून्य. अजून नुसती मेमरीत, कच्ची.

मी कमिट केलं.
शेठनी तरी वहीत पेनाने लिहिलंच.
दोन्हीकडचं जुळतंय का,
उद्या बघू म्हणाले.