पालक पिळताना

पहिल्या वर्षी सगळं ताटातून वाहून गेलं.
गोळे बसले, पसरले,
हिरवं पाणी मक्याच्या भाकरीखाली शिरलं,
आणि सासूबाई, ओलिंपिआदा, एकच शब्द बोलल्या:
"डबकं."

मी बर्फ सारणारा माणूस.
ओनीपासून खिंडीपर्यंतचा रस्ता माझा,
नोव्हेंबर ते मार्च, पिवळ्या यंत्राच्या उंच खुर्चीवर.
ढीग कुठे, किती दाबला म्हणजे रात्रीतून घसरत नाही
हे मला झोपेतही सांगता येईल.
पालकाचं सांगता येत नव्हतं.

इरमा इटलीला गेली, बारी शहरात, एका म्हातारीला सांभाळायला.
जाताना सगळं लिहून ठेवलं तिनं:
गॅसचं बिल, इवाच्या दम्याचा फवारा,
कोणती कोंबडी खुडूक बसते.
फ्खालीचं काही लिहिलं नाही.
लिहिणार तरी काय?
जे हातानं येतं ते हाताबरोबरच जातं.

नाताळाआधीचे चाळीस दिवस आमच्यात उपास.
दूध नाही, लोणी नाही, अंडं नाही, साय तर नाहीच.
सासूबाईंना वरचे दात तीन,
म्हणून सगळं मऊ हवं, जिभेनं दाबता येईल असं.
आणि बाहेर उणे अकरा.

तर यंदा बसलो आम्ही तिघं.
अक्रोड खिम्याच्या यंत्रातून दोनदा काढले,
तिसऱ्यांदा तेकलेच्या हट्टापायी,
तेव्हा कुठे त्यांनी तेल सोडलं.
लसूण, कोथिंबीर, निळ्या मेथीची पूड,
आणि झेंडू.
कुंपणाशी इरमानं लावलेला तोच,
आपला आपण उगवतो आता,
वाळवून कुटला की वाटणाला ऊन लागल्यासारखं दिसतं.

मग पालक.
उकडला, गार केला, पिळला.
पिळला म्हणजे किती?
आधी मुठीत. मग टॉवेलात बांधून
एक टोक इवाकडे, एक माझ्याकडे, उलट्या बाजूंना.
चौदा वर्षांचा पोरगा, दीड वर्षात
माझ्यासमोर एवढा वेळ कधी उभा राहिला नव्हता.
"अजून?"
"अजून."
"बाबा, यात काही उरलं नाही आता."
उरतं, म्हटलं. आणखी एक वेढा दिला.
टोकाशी एक थेंब जमला, काळपट हिरवा,
लोंबत राहिला,
आणि आम्ही दोघं त्याच्याकडे बघत राहिलो.

बिटाचंही तसंच. भोपळा मात्र लबाड,
कोरडा दिसतो आणि वाटणात गेल्यावर रडतो,
त्याच्यावर पुढच्या वर्षी बोलू.

गोळे वळले. प्रत्येकावर अंगठा दाबून खळी केली.
माझ्या अंगठ्याच्या खळीत डाळिंबाचे चार दाणे मावले.
"आईच्या खळीत दोनच मावायचे," तेकले म्हणाली,
आणि चारांतले दोन उचलून खाल्ले.

आठ वाजता फोन लागला.
इरमाच्या एका हातात चमचा होता,
म्हातारीला दुधी भोपळ्याचं लापशीसारखं काही भरवत होती,
ओठांवरून सांडलेलं बोटानं परत आत लोटत होती.
"ताट दाखव," म्हणाली. "जवळून. अजून जवळ."
मग चमचा तसाच अधांतरी, आणि ती हसायला लागली:
"मुर्मान, हे काय, घोड्यानं पाय दिला की काय यावर?"

सासूबाईंनी पहिला गोळा जिभेखाली धरला.
बराच वेळ.
मी ताट बघत होतो: पाणी नाही. एक थेंबही नाही.
"लसूण फार झाला," त्या म्हणाल्या,
आणि हात दुसऱ्या गोळ्याकडे गेला.

रात्री अकराला पुन्हा बर्फ.
यंत्र सुरू केलं, काच पुसली.
चाकावरचे हात अजून हिरवे होते, नखांच्या कडेनं,
आणि लसणाचा वास खिंडीपर्यंत सोबत आला.