अध्याहृत

ग्रिम्सबीत पहाटे साडेपाचला वाऱ्याला हॅडॉकचा वास येतो.
सातपर्यंत मला तो येईनासा होतो.
कराडला आमच्या घरी अंडंसुद्धा मागच्या दारानं यायचं,
इथे मी मासळीचे टनावारी हिशेब ठेवते:
किती आली, किती कापली,
किती वेळा नुसता बर्फच तोलला गेला.

साडेदहाच्या सुट्टीत कॅन्टीनच्या कोपऱ्यात
चहाच्या डागांवर पुस्तक उघडते.
प्रश्न सत्तेचाळीस.
'एका बेकरीने पावाची किंमत उतरवली.
त्या महिन्यात पाव दुप्पट खपला.
म्हणून किंमत आणखी उतरवली, तर नफा आणखी वाढेल.
हा युक्तिवाद काय गृहीत धरतो?'
खाली पाच पर्याय, पाचही कडक इस्त्रीचे.

हातमोजे ओढून काढत डोरीन वाकते.
बावीस वर्षं सुरीच्या टेबलावर,
डाव्या अंगठ्याला नख नाही.
पर्याय ती वाचतच नाही.
"शेजारची बेकरी बंद होती का त्या महिन्यात?
आणि पीठ काय फुकट येतं?"
मी शेवटच्या पानावर उत्तर बघते.
पीठ म्हणजे क.
शेजारची बेकरी पुस्तकाला सुचलीच नव्हती.

पुस्तक सांगतं, संशय आला की उलटं करून बघा.
गृहीतक नाकारा.
डोलारा कोसळला, तर तोच खांब.
नाही कोसळला, तर ती नुसती नक्षी.

आठवी ब. गुळवणी बाई.
फळ्यावर एकच शब्द: ये.
"हे वाक्य आहे?"
नाही, आम्ही एका सुरात.
"आहे. कर्ता अध्याहृत.
कोणी यायचं ते हाक मारणाऱ्याला ठाऊक असतं,
आणि त्याला वाटतं, तिलाही ठाऊक आहे."
पुढे आमच्या घरी एक वाक्य झालं:
मुलगा इंग्लंडात आहे, म्हणून मुलगी सुखात राहील.
बाजारात तुरी, आत्या पुटपुटली होती,
पण तिचं कोण ऐकतो. मीही नाही ऐकलं.

गुरुवारी फळ्यावर कागद लागला,
बिंगोच्या जाहिरातीशेजारी.
नव्वद मैलांवर वीज स्वस्त, शीतगृह नवं.
दोन लाइनी तिकडे हलवल्या
तर वर्षाला साडेचार लाख पौंड वाचतात.
म्हणून.

आकडे माझेच होते.
मार्चमध्ये मागवलेला तक्ता, दुपारी तीनपर्यंत हवा होता.
मजुरी, दर किलो: इथे जेवढी, तिथे तेवढीच.
कुणी सांगितलं नव्हतं.
मीच खिडकीचा कोपरा माऊसनं धरून
शेजारच्या रकान्यात ओढला होता,
अगदी सहज, उशीवरची चादर ओढावी तसा.

त्या रात्री फाइल उघडून उलटं करून बघितलं:
तिथे डोरीन नाही.
तिथे आहे एकोणीस वर्षांचा कुणी,
सुरी अजून मनगटानं नाही, खांद्यानं धरणारा,
अर्धं मांस काट्याला ठेवणारा.
साडेचार लाखांचे एक लाख झाले,
मग वजा चिन्ह आलं आणि रकाना लाल.

हॉल्डनसाहेब म्हणाले, चांगला मुद्दा.
खरंच चांगला मुद्दा, पुन्हा म्हणाले, चष्मा पुसत,
पण हे वर ठरलंय.
त्यांनी मला गृहीत धरलं होतं.
मी डोरीनला.
जिना उतरताना एवढंच सुचलं,
आणि ते कुठल्याच पर्यायात बसत नव्हतं.

डोरीनला सगळं सांगितलं, रकान्याचंही.
ती बराच वेळ चहात बिस्कीट धरून होती,
ते तुटून तळाशी गेलं.
"परीक्षा कधी तुझी?"
शनिवारी, हलला.
"चांगली जाईल," ती म्हणाली.
"मग काय, तू जाशील इथून."

ते वाक्य मी उलटं करून बघितलं नाही.
चमच्यानं तळ ढवळत
ती बिस्कीट शोधत राहिली.