चौदा किलो

तांबट आळीत, चौथ्या मजल्याच्या गच्चीवर
शंभर लिटरचा सोलर मीच बसवला.
दोन वर्षं झाली.
जिन्यात बसून हिशोबही मीच मांडला होता,
बिलाच्या पाठकोऱ्या बाजूला:
एवढे तुमचे, नऊ हजार सरकारचे.
सरकारच्या वतीनं बोल
असं मला कुणी सांगितलं नव्हतं.
पण पत्रकावर छापलेलं होतं,
आणि छापलेलं माणसाला खरं वाटतं.

मग फाईल गेली.
वीजबिल जोडा. जोडलं, तर नाव वडिलांचं.
वडील वारून तीस वर्षं.
तेही निस्तरलं,
तोवर योजनेतले पैसे संपले.
'निधी प्राप्त होताच'
एवढ्या तीन शब्दांपायी
मी ती आळीच टाळू लागलो,
फडके हौदाकडून वळसा घालून जायचो.

काल त्यांचाच फोन.
त्र्यंबक पोटफोडे, वय एक्याऐंशी.
"वर या जरा. पाने आणा."

शिव्या खायच्या तयारीनं चढलो.
म्हातारा पॅनेलपाशी उकिडवा,
"काच काढा, आतला पत्रा बघायचाय."
काढली.
त्यांनी टिचकी मारली, कान लावला,
आणखी एक मारली.
"तांबं खरंय. पण फार पातळ.
मशीननं आकार येतो हो,
अंग येत नाही."

तेव्हा मला कोपऱ्यातला तो गोल दिसला.
फरशीवर काळा, बरोबर बुडाएवढा.
"बंब कुठाय तुमचा?"

"गेला.
चौदा किलो भरला, सहाशेच्या भावानं.
लग्नाच्या साली ठोकला होता, दुपारी जेवणाच्या सुट्टीत.
काट्यावर चढवताना भंगारवाल्याचं पोरगं म्हणालं,
आजोबा, आत राख आहे.
म्हटलं झटक बाबा, राखेचे पैसे नकोत."

चौदा सक चौऱ्याऐंशी.
आठ हजार चारशे.
सरकारपेक्षा सहाशेनं कमी.
माझा हात खिशाकडे गेला.
"काढू नका," ते म्हणाले,
माझ्याकडे न बघताच.

मग मोबाईल पुढे केला. "चष्मा खाली राहिलाय. काय आलंय?"
'आपला अर्ज विचाराधीन आहे.'
ते काही बोलले नाहीत.
खाली कुणीतरी पातेल्याला मठारकाम करत होतं,
ठक ठक ठक, सरळ एका लयीत,
आणि ते मान किंचित कलती करून ऐकत होते.
"चुकला एक," म्हणाले.

काच बसवली. स्क्रू आवळले.
"विचार करतायत तर करू द्या," त्यांनी नळ सोडला,
"हात धुवा. बेतानं, चटका बसेल."

चटका बसला.
इतकी वर्षं छतांवर चढतोय,
हजारभर टाक्या जोडल्या असतील,
पाणी कधी
हातावर घेऊन बघितलं नव्हतं.