दोन यार्ड

एक घोटा बांधायला मला दीड मिनिट लागतं.
वेंडेल ब्रुसार्डच्या डाव्या घोट्याला चार.
हाड कुठे संपतं, जुनं दुखणं कुठे सुरू होतं,
हे या टेबलापाशी तीस वर्षं उभं राहूनही
मला बोटांनी चाचपून बघावं लागायचं.

ऑगस्टमध्ये आला. वय एकतीस.
रनिंग बॅकचं एकतीस म्हणजे घोड्याचं किती,
ते मला विचारू नका.
मी क्लीव्हलंडचा माणूस, घोडे पाहिले ते पोलिसांचे.
एका वर्षाचा करार,
नियमात बसेल तेवढा कमीत कमी पैसा.
वरच्या मजल्यावरचा हिशेबनीस हॅलोरन
लिफ्टमध्ये म्हणाला, "फुकटात पडला रे.
पहिल्या फेरीत उचललेल्या त्या पोराच्या पैशात
असे अकरा आले असते."
मी म्हटलं, मग अकरा आणायचे.
तो हसला.
मी गंमत केली नव्हती.

बाकीच्यांची नावं लॉकरवर पितळेत कोरलेली.
एका वर्षवाल्यांची मी लिहितो,
पांढऱ्या टेपवर, काळ्या मार्करने.
त्याच्या नावात एक अक्षर राहून गेलं.
त्याने पाहिलं. म्हणाला, "असू दे,
माझा बापही असंच लिहायचा."

सप्टेंबरभरात चेंडू हाती आला तीनदा. सात यार्ड.
ऑक्टोबरात तेवढंही नाही.
पहिल्या फेरीतला पोरगा पळाला की
सगळं स्टेडियम उभं राहायचं.
(सुंदरच पळायचा. खोटं कशाला बोलू.)
वेंडेल बाकाशेजारी उभा,
ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजत.

"टाचा," एकदा सांगितलं त्याने,
पाय माझ्या टेबलावर, तोंडात सँडविच.
"लाइनबॅकर डोळ्यांनी फसवतो, खांद्यांनी फसवतो.
पण यायचं ठरवलं की
टाच आधी उचलली जाते. पापणीएवढा वेळ.
हे कळायला मला सहा वर्षं लागली
आणि एक गुडघा."

डिसेंबरात ईरी सरोवरावरून वारा सुटला
दातांत सुया धरून.
पोरगा मांडी धरून बाहेर बसलेला.
चार गुणांनी मागे आम्ही,
तिसरा प्रयत्न, नऊ यार्ड बाकी,
आणि आमचा क्वार्टरबॅक टकर लिंडक्विस्ट,
ज्याच्या उजव्या खांद्याचा विमा
माझ्या अख्ख्या गल्लीहून महाग,
उजवीकडे बघत होता.
ते धूड डावीकडून आलं.

वेंडेल तिथे आधीच पोचला होता.
आवाज मला बाकापर्यंत ऐकू आला,
भरलं कपाट जिन्यावरून सुटावं तसा.
टकरला एक क्षण जास्त मिळाला,
त्याने तो हवेत भिरकावला, सात यार्ड.
आकड्यांच्या कागदावर
वेंडेलच्या नावापुढे: शून्य.

मग शेवटचा प्रयत्न, दोन यार्ड.
आता चेंडू त्याच्याकडे.
सगळ्यांना माहीत होतं कुठून जाणार,
समोरच्यांना, पॉपकॉर्नवाल्यालाही.
तो पळाला असं मी म्हणणार नाही.
तो वाकला, आत घुसला,
आणि चार माणसं अंगावर घेऊन पुढे पडला.
पुढे. एवढंच.
साखळी आणून मोजलं तर
दोन यार्ड आणि वर वीतभर.

त्या रात्री टेप कापली तर घोटा वांग्यासारखा.
बर्फाच्या पिंपात पाय सोडून विचारतो,
"टकर बरा आहे ना?"

जानेवारीत आम्ही हरलोच.
मार्चमध्ये हॅलोरन लिफ्टमध्ये भेटला,
म्हणाला, बाजारात आणखी स्वस्त एक आहे.
मी लॉकरवरची टेप ओढली.
खालचा चिकटा नखाने निघेना,
रॉकेल लावलं, तरी
ओळ दिसतेच, बाजूने उजेड पडला की.

आता तिथे बावीस वर्षांचा एक जण बसतो.
घोटा असा कोवळा की मिनिटात बांधून होतो.
काल बांधता बांधता म्हटलं,
"टाचा बघत जा, पोरा."
त्याने कानातलं काढलं.
"काय?"
काही नाही, म्हटलं.
दुसरा पाय दे.