समुद्र जागेवर नव्हता

पावणेसहाला दांडिया बाजारातून बस निघाली
तेव्हा पोरांच्या डोळ्यांवर झोप होती
आणि माझ्या हातात एकोणतीस संमतीपत्रं.
मराठी शाळेचा सातवीचा वर्ग आता एवढाच.
तीन पत्रांवर सही आजोबांची,
एकावर गुजरातीत, ठळक :
पाण्यात उतरवू नये.

आजवर आमचा समुद्र म्हणजे
कमाटी बागेतल्या म्युझियममधला देवमासा.
महीच्या मुखाशी वाहून आलेला,
आता नुसता सांगाडा, छताखाली लांबच लांब.
दरवर्षी त्याच्या बरगड्या मोजायच्या,
दरवर्षी उत्तर वेगळं यायचं,
मग बाहेर येऊन खारे शेंगदाणे.
यंदा हेडबाईंना म्हटलं,
हाडं पुरे झाली.

पादऱ्यापर्यंत भेंड्या.
जंबुसरला तनिष्क घोरपडेला उलटी,
खिडकीतून नाही, माझ्या पर्समध्ये.
मग कापूस, मग बाभळी,
मग तेही संपून नुसतंच आभाळ.
रमणभाईंनी ब्रेक लावला :
"ल्यो बेन, दरियो."

दरिया नव्हता.
चिखल होता. नजर थकेल तिथवर,
राखाडी, ओला, चकाकणारा,
कुणी परात पालथी घालून निघून गेल्यासारखा.
पार टोकाला एक रेघ,
तिला पाणी म्हणावं की नाही, कळेना.
फळ्यावर निळ्या खडूने
इतकी वर्षं काढलेल्या माझ्या लाटा!
"मॅडम, समुद्र कुठे गेला?"
मी घड्याळ पाहिलं.
घड्याळाचा काय संबंध.

उन्नती मेहेर शेवटी उतरली.
डहाणूची. जूनमध्ये आली आमच्याकडे,
वडील रिफायनरीत वेल्डर.
वर्गात तिचा आवाज हजेरीपुरता.
तिने नाक वर करून वास घेतला,
मग मला विचारलं, आज तिथी कुठली?
मी म्हटलं, शनिवार.

ती हसली नाही, हे तिचे उपकार.
बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं.
"अष्टमी. म्हणजे भांग.
आज पाणी हिथवर चढणारच नाय.
पुनवेला यायला पायजे होतं, मॅडम."

आणि बूट काढून ती सरळ आत चालू लागली.
चिखलाबद्दल पत्रात काही नव्हतं.
मी शिट्टी वाजवलीच नाही.

"ती बघा निवटी."
कुठे? कुठे? – आणि मग एकदम सगळीकडे :
बोटाएवढे मासे, डोळे डोक्यावर ठेवलेले,
छातीवर रांगत, उड्या मारत,
पाण्याची कसलीच गरज नसल्यासारखे.
"मासा चालतो, तर त्याला मासा का म्हणायचं?"
शर्विल कुलकर्ण्यांच्या या प्रश्नाचं उत्तर
मी अजून दिलेलं नाही.
बिळाच्या तोंडाशी एक खेकडा
एकच मोठी नांगी हलवत होता,
मीनलने त्याला हात हलवून टाटा केला.
"तुला नाय गो बोलवत," उन्नती म्हणाली,
"बायको शोधतो तो."
मग तिवरांखाली नेलं तिने आम्हाला,
जिथे मुळं जमिनीतून वर येतात
टोक काढलेल्या पेन्सिलींसारखी.
श्वसनमुळे. अकरा वर्षं मी हा शब्द
फळ्यावर लिहिलाय, अधोरेखित करून.
वाकून एक चिमटीत धरलं.
बुचासारखं होतं. मऊ.
मला वाटलं होतं, टोचेल.

परतताना बसमध्ये कुणी गायलं नाही.
गुडघ्यांवर चिखल वाळून तडकत होता,
आणि पोरं तो नखाने सोलत होती
एवढ्या मन लावून की
गणिताच्या बाईंनी पाहायला हवं होतं.

शाळेच्या नळावर एकोणतीस जोड्या बूट.
राखाडी पाणी गटारात, गटार विश्वामित्रीत,
मगरींच्या पोटाखालून ते ढाढरला जाईल,
आणि ढाढर तिकडेच, जिथून आणलं तिथे.
रमणभाई बस धुवायचे दोनशे वेगळे म्हणाले.
दिले.
आणि पुनवेची तारीख विचारून घेतली,
त्यांना नाही, उन्नतीला.
ती बूट झटकत होती.
म्हणाली, "तारीख नाय म्हाईत.
आजपासून सात रात्री मोजा."