कधीपासून

पणजीच्या एजंटबाई म्हणाल्या,
लग्न नसलं तरी चालतं तिकडे,
फक्त एकत्र राहता हे दिसलं पाहिजे.
मी इनासकडे पाहिलं. इनासने पंख्याकडे.

चार वर्षं, म्हापशात, खोर्लीच्या दोन खोल्यांत
आम्ही दुसरं काय केलं?
दिसणार नाही असेच तर राहिलो.
जिना वेगवेगळा उतरलो, दहा मिनिटांच्या अंतराने.
शुक्रवारच्या बाजारात तो चवरीस घ्यायला एका टोकाला,
मी केळी घ्यायला दुसऱ्या,
पिशव्या घरी आल्यावरच एकमेकींना भेटायच्या.
त्याचे शर्ट मी न्हाणीतल्या दोरीवर वाळवले,
कुबट वासासकट त्याने ते घातले.
आईचा फोन आला की तो खोकला गिळायचा.
एकदा डोळ्यांतून पाणी आलं त्याच्या,
आणि आई विचारत होती,
एकटीला भीती नाही ना वाटत?

आता यादी आली आहे.
दोघांचं बँक खातं नाही. भाडेकरारात मी एकटी:
सुचेता आरोंदेकर, शिक्षिका, अविवाहित.
सणासुदीचे फोटो हवेत, नातेवाइकांसोबत.
चवथीला मी पेडण्याला, माटोळी बांधायला,
नाताळला तो कुंकळ्ळीला.
दोन घरांच्या दोन अल्बमांत हसणारी दोन माणसं,
दोघांच्याही शेजारी थोडी मोकळी जागा.
तिची झेरॉक्स काढता येते का?

नोटरी म्हणाला, तारीख सांगा.
कुठली सांगू?
आधी त्याची सुरी आली,
हॉटेलात चोरीला जाते म्हणून माझ्याकडे ठेवलेली.
मग सुरी न्यायला तो यायचा, मग ठेवायला.
मग एकदा रात्रपाळीनंतर सुरी ठेवली
आणि चप्पलही.
ते साल आठवतं. वार नाही.

शेवटी विजेची बिलं काढली.
मार्चमध्ये एक्केचाळीस युनिट, एप्रिलमध्ये चाळीस,
मेमध्ये एकशे सात.
"माझा ओव्हन," इनास म्हणाला, आणि लाजला.
भिंतीवरच्या मीटरला
आमच्याआधी कळलं होतं.

खाली एस्पेरान्साबायकडे पत्र मागायला मीच गेले.
चार वर्षं तिला सांगत आले होते
की रात्री येतो तो ओव्हन दुरुस्त करायला.
"इतके दिवस कुठला ओव्हन बिघडतो, बाय?"
एवढंच म्हणाली. चष्मा शोधला, वहीचं पान फाडलं,
रोमी लिपीत लिहिलं, आणि मोठ्याने वाचलं:
हीं दोगां म्हज्या घरांत चार वर्सां रावतात.
तो रातीं बाराक येता.
तो येयसर वयलो दिवो पालवना.

एजंटबाईंसाठी मला याचं इंग्रजी करायचं होतं.
दिवा विझत नाही, असं लिहिलं.
खोडलं. पुन्हा तेच लिहिलं.
इंग्रजीत तो दिवा नुसता दिवा होता,
कुणाची वाट न बघणारा.
शाळेत मुलांचे पेपर तपासताना
मी अशा उत्तराला अर्धा गुण देते.

आज इनासचा निळा शर्ट बाहेर बाल्कनीत वाळत घातला,
माझ्या ओढणीला लागून, फोटोसाठी.
समोरच्या गॅरेजमधल्या पोराने वर पाहिलं
आणि पुन्हा टायरकडे.
बस, इतकंच झालं.
फोटो काढला. शर्ट मात्र आत आणला नाही.

साडेआठला नेहमीसारखा आईचा फोन.
जेवलीस का. शाळा. गुडघे. शेजारच्या मुलीचं ठरलं.
इनास कांदा चिरत होता, पाठमोरा,
हॅलिफॅक्समधल्या थंडीबद्दल स्वतःशीच काहीतरी पुटपुटत.
त्याला खोकला आला.
सवयीने त्याने तोंडावर हात नेला.

मी फोन कानापासून काढला
आणि थोडा त्याच्या बाजूला धरला.