टेपखाली

क्लाइव्ह नवी केबल आणायला लिओनोराला गेलाय.
जायला दोन तास, यायला दोन,
मध्ये पबमध्ये किती, ते त्यालाच ठाऊक.
मी कॅरव्हॅनच्या सावलीत घडीचं टेबल मांडलं,
सोल्डरगनचे चिमटे गाडीच्या बॅटरीला लावले.

डिटेक्टर कालपासून बरळतोय.
कॉइल उचलली की किंचाळतो, टेकवली की गप्प.
मुल्गाच्या झुडपात केबल अडकली आणि मी ओढली.
हे मी कबूल केलंय. तिथल्या तिथे.

प्लगची बोंडी फिरवून काढली.
पाच पिना, लाल धूळ, एक मेलेली मुंगी.
दोन तारा सुटलेल्या,
तिसरी एका केसावर तग धरून.
कुठला रंग कुठल्या पिनेवर
ते बिस्किटांच्या पुड्यावर लिहून ठेवलं,
कारण चारनंतर माझ्या डोळ्यांना
हिरवा आणि निळा एकच.

धड तार शोधत मागे सरकले
ते वीतभर अंतरावरच्या काळ्या टेपपर्यंत.
अकरा वर्षं आहे ती तिथे.
'पिपने चावली,' म्हणाला होता क्लाइव्ह,
आणि मी इतकी ओरडले होते
की पिप दिवसभर गाडीखाली, कान पाडून.

टेप सोलली. गोंदाचा काकवीसारखा चिकटा.
आत दाताची एक खूण नाही.
रबर सरळ कापलेलं,
कुदळीच्या धारेचा एकच घाव.
आणि त्याखाली पाच तारा, एकेक पिळलेली,
एकेकीला वेगळा डाग,
लांबी कमी-जास्त, एकीला दुसरी लागू नये म्हणून.
एवढं नीट काम त्याने
घरच्या गळक्या छपराचं कधी केलं नाही.

अकरा वर्षं त्या जोडातून ऐकत आले मी:
खिळे, काडतुसं, सार्डिनचे डबे,
आणि एकदा, नखाएवढं, सोनं.

जोड तसाच ठेवला. वर नवी टेप.
तिन्ही तारा आपापल्या पिनेवर बसवल्या,
फुंकर न घालता निवू दिल्या,
बोंडी आवळली.

चाचणीला पिपचा बिल्ला घेतला.
मेन्झीसच्या वाटेवर तिला पुरताना
पट्ट्याचा काढून ठेवला होता,
नाहीतर आमच्यासारखाच कुणीतरी येऊन
पितळेच्या आवाजावर तिला उकरली असती.
कॉइलखाली धरला.
वाजला. खरखर नाही, काही नाही.

अंधार पडताना क्लाइव्ह आला,
हातात प्लास्टिकमधली केबल, एकशे नव्वद डॉलर.
'झाली की काय दुरुस्त?'
'झाली,' म्हटलं. 'मागे पिपने चावली होती ना,
ती जागा मात्र अजून पक्की आहे.'

तो टेपकडे बघत राहिला.
मग किटली उचलून टाकीकडे गेला.
आम्ही इथे पाणी कपाने मोजतो,
तरी नळ बराच वेळ वाहताना ऐकू आला.